डोमाभाऊचे बारा मंगळवार

कोसंबीत मी नऊ वर्षं मास्तर होतो. त्या नऊ वर्षांत दोन-अडीचशे पोरांना लिहा-वाचायला शिकवलं आणि एका माणसाचं तोंड कायमचं बंद केलं. पोरांचं श्रेय निरोप समारंभात हारासकट मिळालं. दुसरी गोष्ट कुणी काढली नाही. कुणाला ठाऊकच नव्हती, म्हणून मीच सांगतो.

तो माणूस म्हणजे डोमा. ढिवराच्या घरचा. गावाला लागून मोठा तलाव. त्यात मासोळी धरायची, पावसाळा सरला की शिंगाडे काढायचे आणि दिवाळी झाली की दंडार करायची, एवढा त्याचा संसार. बायको रुखमा मंगळवारच्या बाजारात मासोळी घेऊन बसायची. मूलबाळ नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं वाळलेला, पण आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर बसथांब्यावरचा माणूस वळून पाहायचा.

दंडार हा आमच्या झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला खेळ. गाणं, नाच, सोंगं आणि लाकडी तलवारींच्या लढाया, सगळं त्यात. डोमाला तो सोमाजी नावाच्या म्हाताऱ्यानं शिकवला होता. सोमाजी मी येण्याआधीच वारला, पण डोमाच्या बोलण्यात तो रोज जिवंत असायचा. सोमाजीचा एक दंडक होता आणि डोमा तो प्राणापलीकडे पाळायचा. खेळात जो मेला त्याला ज्यानं मारलं त्यानंच हात धरून उठवायचं, आणि तेही मांडव मोडायच्या आत. पडलेला माणूस पडलेलाच ठेवून कुणी घरी जायचं नाही. मला हे खुळं वाटायचं. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींना खुळं म्हणत असे.

पंच्याऐंशी सालच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, दंडारीपुढे अकरा माणसं बसली होती. त्यातला एक मी, आणि मीही जांभया देत होतो. बाकी सगळं गाव घनश्यामच्या राइस मिलमागच्या शेडमध्ये घुसलं होतं. घनश्यामनं नागपूरहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. मंडईच्या दिवशी त्यानं हिंदी मारामारीचे सिनेमे दाखवले आणि पुढे दर मंगळवारी दुपारी एक खेळ ठेवायचं जाहीर केलं. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असायची, त्यामुळे मीही मोकळा.

पण सिनेमाच्या कॅसेटचं भाडं त्याला झेपेना. मग नागपुरात कुणीतरी त्याच्या गळ्यात एक खोकं मारलं. हातानं काढलेली चित्रं हलतात, असा एक जपानी लढाईचा खेळ होता तो, बारा भागांचा. भाषा जपानी. वर या कॅसेटी लावल्या की घनश्यामच्या रंगीत टीव्हीवर चित्र काळं-पांढरं व्हायचं आणि अधूनमधून वर सरकायचं. पहिल्या मंगळवारी शंभरेक माणसं बसली होती. पाच मिनिटांत ओरडा सुरू झाला, पैसे वापस दे म्हणून. घनश्याम घामाघूम झाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे, चूप बसा ना बे! त्याचं घर जाळलं हाय, दिसत नाई काय?"

डोमा उठून टीव्हीच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "हा पोट्टा पाहा. झिंगू नाव हाय त्याचं. घरी कोनी उरलं नाई. आता हा कुठी जाईन? पाहा, डोंगराकडे जाऊन राह्यला." आणि तो सांगत गेला. उभ्या केसांच्या त्या पोराला झिंगू हे नाव त्यानं जागच्या जागी ठेवलं. पोराला तलवार शिकवणारा दाढीवाला म्हातारा पडद्यावर आला तेव्हा डोमा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हा सोमाजी."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. सोमाजीला ओळखणारी निम्मी माणसं तिथे बसली होती.

तिथून पुढे जे झालं त्याला मी दुसरा शब्द जाणत नाही, वेडच लागलं. डोमा घोडा झाला, वारा झाला, रडणारी बाई झाला. वेगवेगळ्या आवाजांत बोलायचा, लढाई लागली की पायानं जमिनीवर ताल धरायचा. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून माणसं सायकलींनी यायची. घनश्याम त्याला चहा पाजायचा, वर काही नाही. डोमानं मागितलंही नाही. दंडारीपुढे अकरा माणसं पाहिलेल्या त्या माणसाला पुन्हा भरलेली शेड मिळाली होती आणि त्याला तेवढंच हवं होतं.

बुधवारी सकाळी देवाजीच्या चहाटपरीवर डोमाचा दुसरा खेळ व्हायचा. कालच्या भागात काय जमलं आणि काय फसलं, याचा निवाडा. मी मुद्दाम लवकर जायचो. माझ्यासारखा बी.ए. झालेला माणूस ढिवराच्या तोंडून परीक्षण ऐकायला वाट वाकडी करतोय हे कुणाला दिसू नये, म्हणून हातात वर्तमानपत्र धरायचो.

"पाय चांगले काढले हायेत," डोमा म्हणायचा. "लढाई हातात नसते, पायात असते. झिंगू वार कराच्या आदी मागचा पाय घट्ट रोवते, पाहालं? हे ज्यानं काढलं त्यानं कोनाले तरी लढताना पाहालं हाय. अन वाराच्या आदी सगळं चूप होते ना, वारा नाई, पाखरू नाई, ते लय भारी. सोमाजी आमाले हेच सांगे, ढोल थांबवा मंग मारा. अन पानी. मी जलम पान्यात काढला, मास्तर. चित्रातलं पानी खोटं दिसते. याचं पानी पान्यासारकं वाहाते."

मग उणं काढायची पाळी. त्यात तो कुणाची गय करायचा नाही.

"पन ओरडतात किती! वार कराच्या आदी वाराचं नाव घेऊन ओरडते. दुश्मन काय बहिरा हाय? तेवढ्यात थो पळून नाई जानार? अन एकच लढाई तीन मंगळवार ताणली. अर्धा भाग तं मागचंच दाखवून राह्यले. पुलावरून उडनारं पाखरू तिसऱ्यात होतं, तेच पाचव्यात, तेच सहाव्यात. मी वळखलं त्याले, पंख वाकडा हाय. अन सगळ्यात खोटं काय सांगू? झिंगू येवढा मार खाते अन दुसऱ्या दिवशी तरातरा चालते. आमच्या दंडारीत मार खाल्ला की आठ दिस लंगडावं लागे. सोमाजी लंगडाले लावे. मार खाल्लेला दिसला नाई तं मारनाऱ्याची काय किंमत राह्यली?"

हे मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवत होतो. आठवण म्हणून, असं स्वतःला सांगत होतो.

सातव्या भागात म्हातारा मेला. झिंगूला वाचवताना छातीत बाण घेऊन तो पुलावरून खालच्या नदीत पडला. डोमा बोलता बोलता थांबला. भाग संपला, माणसं उठू लागली. तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला. "बसा. असं कोनी जाऊ नका." माणसं खरंच बसली. "सोमाजी मेला नाई. खाली पानी होतं, पाहालं ना? थो पोहून निंगाला. पुढच्या मंगळवारी येईन."

आठव्या भागात एक मुखवटा घातलेला माणूस आला. झिंगूच्या मागे लपतछपत चालणारा. डोमानं बोट दाखवलं, "हाच थो!" शेड टाळ्यांनी दणाणली. मग त्या मुखवटेवाल्यानं पूल जाळला, झिंगूची वाट अडवली, त्याच्या अन्नात काहीतरी कालवलं, आणि डोमा प्रत्येक वेळी सांगायचा की गुरू चेल्याला पारखून राह्यला, कच्चं मडकं पुढे फुटू नये म्हणून आधीच ठोकून राह्यला. लोक डोळे पुसायचे. मला तर वाटतं, जपान्यांनी रचलेल्या गोष्टीपेक्षा डोमाची गोष्ट सरस होती.

आता माझं. मी वरोऱ्याकडचा. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर तिशी उलटल्यावर दुसऱ्याच्या पोरांच्या पाट्या पाहून अक्षरं गिरवली, तेव्हा गाव त्याच्या पाटीला हसलं होतं. आमच्या घरात अक्षर म्हणजे काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. बापाच्या आधीच्या कुणाला शाळेची पायरी चढू दिली नव्हती. मी शिकलो, मास्तर झालो, चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात अधूनमधून लिहू लागलो. आठवा भाग झाल्यावर त्यांना या मालिकेचं परीक्षण पाठवलं. गुण अमुक, दोष तमुक, पायांची गती, वारापूर्वीची शांतता, वाकड्या पंखाचं पाखरू. शब्द भारदस्त घातले. ते छापून आलं. खाली माझं नाव. डोमाचं नाव कुठेच नव्हतं. एका खेड्यात कुणी अडाणी माणूस मनाने गोष्ट रचून सांगतो, त्यामुळे मूळ कलाकृतीवर अन्याय होतो, असं एक वाक्य मात्र होतं.

बुधवारी टपरीवर मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. डोमा शेवटपर्यंत ऐकत होता. मग बशीतला चहा भुरकून म्हणाला, "मास्तर, हे तं माहंच बोलनं होय. तुमी फक्त त्याले पॅन्ट घातली."

टपरी हसून हसून लोळली. देवाजीच्या हातातला ग्लास सांडला. डोमाही हसत होता, माझ्या पाठीवर थाप मारून. त्याच्या मनात काही नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्या हसण्यात मला जुनं हसणं ऐकू आलं, माझ्या बापाच्या पाटीला हसलेलं. माझी चोरी उघडी पडली होती आणि मी तिच्यावर बापाच्या अपमानाचं पांघरूण घातलं. माणूस स्वतःला वाचवायला बापालासुद्धा कामाला लावतो. मी पेपर घडी करून उठलो आणि पुढचे दोन बुधवार टपरीवर गेलो नाही.

दहावा भाग झाल्यावर घनश्याम शाळेत आला. हातात दुमडलेला कागद. "मास्तर, कॅसेटच्या डब्ब्यात भेटला. इंग्रजी हाय. काय लिवलं हाय, पाहा बरं."

कागदावर बाराही भागांचा सारांश होता, प्रत्येकी चार-चार ओळी. मी व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला. सातव्या भागापुढे स्वच्छ लिहिलं होतं की वृद्ध गुरूचा मृत्यू. आठव्यापुढे, गुरूचा मारेकरी मुखवटा घालून नायकाच्या मागावर. बाराव्यापुढे, नायक मारेकऱ्याचा वध करतो आणि त्याचा मुखवटा गळून पडतो.

घनश्याम वाट पाहत होता. त्याला सांगायला एक मिनिट लागलं असतं. डोमाला सांगायला तलावापर्यंत दहा मिनिटांची वाट होती. अजून दोन भाग बाकी होते. डोमासारख्या माणसानं दोन भागांत गोष्ट वळवून सरळ केली नसती असं कोण म्हणेल?

"काही नाही," मी म्हणालो. "कंपनीची जाहिरात आहे." आणि कागद खिशात घातला.

दोन मंगळवार माझ्या हातात होते. अकराव्याच्या दिवशी मी शेडपर्यंत गेलोही. डोमा दारात विडी ओढत होता, मला पाहून त्याचा चेहरा फुलला. "या मास्तर! रागावले काय जी? टपरीवर दिसून नाई राह्यले." मी म्हणालो, परीक्षा जवळ आल्या आहेत. तो म्हणाला, "बाराव्याले याच. शेवट लय भारी करतो मी. सोमाजी मुखवटा काढन अन झिंगू त्याच्या पायावर पडन." मी मान हलवली. सांगू का, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून कुणीतरी त्याला हाक मारली, चार माणसांनी त्याला हाताला धरून आत नेलं, आणि त्याचा तो मान पाहून मी तसाच परत फिरलो.

बाराव्या मंगळवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याला भोकं होती तिथून माणसं डोळा लावून उभी होती. रुखमानं बाजारातलं दुकान उचललं आणि मासोळीची पाटी घेऊनच बायकांत येऊन बसली. बारा आठवड्यांत ती पहिल्यांदा आली होती. डोमानं धुतलेलं धोतर घातलं होतं, डोक्याला दंडारीतला फेटा.

त्या दिवशी तो जसा बोलला तसं मी त्यानंतर कुणाला बोलताना ऐकलं नाही. गुरू चेल्यासमोर येऊन उभा राहिला. आता पारख संपली. आता तो मुखवटा काढेल. झिंगूनं तलवार उपसली. "भिऊ नका, मारत नाई थो," डोमा म्हणाला, "गुरूले कोन मारन?" झिंगूनं मागचा पाय घट्ट रोवला. वारा थांबला. आणि झिंगूनं तलवार मुखवटेवाल्याच्या पोटात घातली.

मुखवटा पडला. आत एक तरणा, गालावर वण असलेला, कुणीतरी भलताच माणूस.

पडद्यावर जपानी गाणं लागलं. झिंगू तलवार पुसून निघून गेला. पडलेल्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. डोमाचा हात हवेत तसाच राहिला होता.

"डोमाभाऊ," कुणीतरी विचारलं, "सोमाजी कुठी हाय?"

डोमानं टीव्हीकडे पाहिलं, मग लोकांकडे. त्याला काहीही ठोकून देता आलं असतं. जादू म्हणता आली असती, दुसरा जन्म म्हणता आला असता. त्यानं तसं केलं नाही. "सातव्यातच मेला असन," तो म्हणाला. "मी चुकलो."

"मंग पाच मंगळवार आमाले काय सांगून राह्यला होता बे?"

भाऊचा बे व्हायला एवढाच वेळ लागला. आणि मग सगळेच तुटून पडले. त्याला जपानी येत नाही हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ज्यांनी डोळे पुसले होते त्यांनाच आता सगळ्यात जास्त राग आला होता. घनश्यामनं हात वर केले, "मी चित्र दाखवलं, मी एक शब्द बोललो नाई, त्याले विचारा." कुणीतरी डोमाचा फेटा ओढला. रुखमा पाटी टाकून पुढे धावली आणि नवऱ्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली. मासोळी पायदळी आली.

मी भिंतीशी उभा होतो. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हेच खरं आहे. ते तलावाच्या पाळीपर्यंत टिकलं. घरी पोचलो तेव्हा जेवण गेलं नाही.

त्यानंतर घनश्याम हिंदी कॅसेटीच आणू लागला, सांगणाऱ्याची गरज उरली नाही. डोमा बाजारात दिसला की टवाळ पोरं ओरडायची, "डोमाभाऊ, मढं उठव!" त्यानं बाजारात येणं सोडलं. पुढच्या मंडईआधी दंडारीची मंडळी त्याच्या घरी गेली. तो म्हणाला, "मी सांगतलेलं आता कोन खरं मानन?" दंडार झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली नाही. गावात त्याचा आवाज ऐकल्याचं कुणाला आठवेना. साप्ताहिकानं मला मात्र नियमित सदर दिलं.

अठ्ठ्याऐंशीत माझी वरोऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. डोमा पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कागद काय होता, त्यात काय होतं, मी घनश्यामला काय सांगितलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या खाऊन हलकं व्हायचं, याच हिशेबानं मी गेलो होतो.

त्यानं जाळ्याचं हातातलं घर विणून पुरं केलं.

"घनश्यामले कुठला भेटते कागद," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता, मला पुढे वाकावं लागलं. "डब्बा मी उघडला होता. मीच त्याले मनलं, मास्तरकडे ने. मले धाकधूक होती ना जी. मुखवटेवाल्याचे पाय मले सोमाजीचे दिसत नव्हते. मनलं, मास्तरले इंग्रजी येते. रागावला असन, पन माहं चुकत असन तं सांगन. खोटं नाई बोलनार. तुमी जाहिरात मनलं. मंग मी निश्चिंत झालो."

मी त्याच्या शेजारी पाळीवर बसलो.

"सातव्यात मेला मनून लिवलंच होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"तुमी सांगतलं असतं तं अकराव्यात त्याले नीट मरू देल्लं असतं मी," डोमा म्हणाला. "सारं गाव रडलं असतं अन घरी गेलं असतं." आणि त्यानं जाळं ओढून पुढचं घर विणायला घेतलं.